मशीन फक्त ठेवतं

किस्से कसे साठतात सांगू? दाराच्या मागे खिळ्याला आपण एक पिशवी अडकवतो. तिच्यात दुसरी कोंबतो, मग तिसरी. आणि एक दिवस दारच पूर्ण उघडत नाही! शेजारच्या नीलेशचे आमच्या आळीतले किस्से तसे झालेत. हसत हसत एकेक कोंबला. आता दार उघडायला गेलं की हात अडतो.

सुरुवात एका अर्ध्या वाक्यापासूनच करते, कारण तेच घशात अडकलंय.

बुधवार होता. महाडच्या स्टँडवर मी पोलादपूरच्या गाडीत खिडकीशी बसले होते, मावसबहिणीकडे निघाले होते. खाली दोन कंडक्टर चहा पीत उभे. त्यातला एक सुधीर, नीलेशचा शाळेतला दोस्त. तो दुसऱ्याला सांगत होता, "आमचा नीलेश हाय ना, सगळ्यांचा डाटा घेऊन पुण्याला चाललाय. आणि तिथं..."

तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी चालू केली. आमच्या गाड्या चालू झाल्या की बाजूच्या सीटवरचं ऐकू येत नाही, खिडकीखालचं काय येणार! मी मान बाहेर काढून ओरडले, "तिथं काय रे?" सुधीरने मला टाटा केला.

अर्धी भाकरी मी ताटात ठेवून उठेन. पण अर्धी बातमी? नाही बाई. पोलादपूर येईपर्यंत मी ती पूर्ण केली. माझ्या मनाने.

* * *

आता नीलेश कोण, ते सांगते.

आमच्या भिंतीला भिंत लागून वत्सलावहिनींचं घर. नीलेश त्यांचा एकुलता एक. पुण्यात कंपनीत होता. वडील गेले तेव्हा आला आणि परत गेलाच नाही. म्हणाला, "इथं बसून पण काम करता येतं." वत्सलावहिनींनी देवासमोर साखर ठेवली. त्यांचं मागणं एकच होतं, पोरगा डोळ्यांसमोर राहू दे. दुसरं काही त्यांनी कधी मागितलेलं मी ऐकलं नाही, आणि मी बरंच ऐकते.

तर या नीलेशने मोबाइलवर चालणारं एक अॅप काढलं. नाव ठेवलं 'पार'. गावात पारावर बसून बोलतात तसं फोनवर बोलायचं. टाइप करायची कटकट नाही. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या आणि मुंबईत कामाला असलेली त्यांची पोरं, असे सातशे-आठशे जण त्यावर आले. मीही होते. मी नसेन कशी!

आणि हे सगळं चालायचं त्यांच्या मागच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीवर. शिलाई मशीनच्या डब्याएवढी. पुढे जाळी, आत पंखा, एक हिरवा दिवा. तिला तो सर्व्हर म्हणायचा.

मी विचारलं, "काय असतं रे हिच्यात?"

"लोकांचं बोलणं, काकू."

मग त्याने समजावलं. मुंबईहून पोराने निरोप पाठवला की तो आधी या पेटीत येतो. कुणाचा, कुणाला, किती वाजता, हे लिहून एका खणात बसतो. वाडीवर आईच्या फोनला रेंज आली की तिच्याकडे जातो. तोवर पेटी वाट बघते. आणि गेला तरी एक प्रत खणात राहते, फोन हरवला, पाण्यात पडला, तर परत देता यावी म्हणून.

"म्हणजे सासवा-सुनांचं सगळं तुझ्या मशीनला कळतं?"

"कळत नाय. मशीन फक्त ठेवतं."

मी म्हटलं, "मग तुझं मशीन माझ्यापेक्षा शहाणं रे! मला सगळं कळतं, पण ठेवता येत नाही."

तेव्हा आम्ही तिघंही किती हसलो होतो!

* * *

पहिल्या दसऱ्याची गोष्ट. आमच्याकडे दसऱ्याला हत्याराची पूजा. आमच्या ह्यांच्या पान्या-स्क्रू ड्रायव्हरची पूजा होते, हे एसटीच्या वर्कशॉपला होते. माझ्या शिलाई मशीनची होते. मग नीलेशच्या मशीनने काय पाप केलं?

नीलेश आंघोळीला गेला होता. मी आणि वत्सलावहिनी गेलो, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. आणि झेंडूचा चांगला हातभर जाड हार, तोही दुपदरी, जाळीवर घातला. पेटी अशी शोभून दिसली म्हणून सांगू!

तासाभरात पेटी बंद. हिरवा दिवा गेला, पंखा गेला. हाराने जाळी बुजली, आतली गरम हवा आतच राहिली, आणि ती तापून आपणहून झोपली. दसऱ्याच्या दिवशी मुंबईहून पोरं "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत होती आणि एकही शब्द वाडीवर जात नव्हता.

नीलेश ओल्या डोक्याने धावत आला. हार काढला, पुठ्ठ्याने वारा घालत बसला.

वत्सलावहिनी दारातून म्हणाल्या, "सणाच्या दिवशी तिलापन सुट्टी नको का रे?"

संध्याकाळी पेटी सुरू झाली. पुढच्या दसऱ्याला त्याने आम्हाला एक फूल दिलं. मोजून एक. "हे वरती ठेवा. जाळीवर नाय."

* * *

हिराबाईचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. ती टेपाच्या वाडीची. वय किती ते तिलाही माहीत नाही. एका सकाळी काखेत हे एवढं तवसं, म्हणजे आपली पावसाळी मोठी काकडी, घेऊन ती वत्सलावहिनींच्या दारात उभी.

"पेटीवाला पोरगा हितंच ऱ्हातो का गो?"

नीलेश बाहेर आला.

"माज्या पोराचा निरोप तुज्या पेटीत अडाकलाय म्हनं. शेजारची पोर बोलली. सोडव बाबा तेला."

नीलेश म्हणाला, "आजी, तो अडकला नाय. तुमच्या फोनला रेंज आली की आपोआप येईल. टेपावर जाऊन उभ्या राहा."

"टेपावर जायला माजं गुडघं नाय बोलतात. एसटीत बसून ऱ्हायचं असतं, म्हनून आली मी."

टेकडीवर वीस मिनिटं चढायच्या ऐवजी म्हातारी उतरून, पोलादपूरला गाडी बदलून महाडला आली होती! नीलेशने तिचा फोन घरातल्या इंटरनेटला जोडला. हिरवा दिवा लुकलुकला. आम्ही सगळे कान देऊन उभे. पोराचा आवाज आला:

"आये, जेवलीस का?"

बस. एवढंच.

हिराबाईने विचारलं, "हे कदी बोलला तो?"

नीलेशने बघून सांगितलं, "मंगळवारी दुपारी."

"मंगळवारी जेवली हुती. तेला तसं कळव." मग जरा थांबून म्हणाली, "आज नाय अजून."

वत्सलावहिनींनी ताट वाढलं. ते तवसं आम्ही तीन घरांनी खाल्लं.

* * *

मी नीलेशला एकदा हळूच विचारलं होतं. आळीच्या टोकाला मंदाची मुलगी सारखी फोनला चिकटलेली असायची. मी म्हटलं, "नीलेश, एवढं बघून सांग ना, ती पारावर कोणाशी बोलते? तिच्या आईला काळजी वाटते हो."

तिच्या आईला काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं.

नीलेश म्हणाला, "काकू, तुमच्याबद्दल पण एकानं विचारलं होतं. मी नाय सांगितलं."

"माझ्याबद्दल? कोणी?"

"ते पण नाय सांगणार."

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही! आळीतल्या प्रत्येक माणसाकडे मी संशयाने बघत होते. आमच्या ह्यांच्याकडेसुद्धा.

* * *

आता तो पाण्याचा दिवस. महाडकरांना पाणी कसं येतं ते सांगायला नको. सावित्रीचं पाणी वाढलं की भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजला की आमचे हात डोक्याला विचारत नाहीत. आधी गॅस सिलिंडर, मग तांदळाची कोठी, मग टीव्ही, मग गाद्या. सगळं माळ्यावर. लहान पोरालाही क्रम पाठ आहे.

त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा नीलेश वाड्यांवर गेला होता, म्हाताऱ्यांना पार शिकवायला. त्याचा फोन लागत नव्हता, तिथे रेंज नाही हे तर तुम्हाला आता माहीतच झालंय. वत्सलावहिनी मला हाका मारत आल्या, "शोभा, नीलेशची पेटी गो!"

मी वायरी उपटल्या. किती होत्या कोण मोजतंय! एक तर एवढी घट्ट होती की मी पायाने धरून ओढली. आम्ही दोघींनी, वय वर्षं पन्नास आणि साठ, शिडीवरून ती पेटी माळ्यावर चढवली. वर गोधडी पांघरली. ओल लागू नये म्हणून.

पाणी बाजारपेठेच्या खालच्या अंगाला आलं आणि ओसरलं. आमच्या आळीत चप्पलसुद्धा भिजली नाही.

पार मात्र दीड दिवस बंद. त्यातही जिवाला लागलं ते असं, की मुंबईतल्या पोरांनी टीव्हीवर महाडचं पाणी बघितलेलं. तीन-चारशे पोरं विचारत होती, "आई, बरी आहेस ना?" आणि पेटी वत्सलावहिनींच्या माळ्यावर गोधडीत झोपलेली!

नीलेश चिखलातून चालत आला. मागच्या खोलीत गेला. रिकाम्या टेबलाकडे बघत उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल. त्याने वर बघितलं, गोधडीचं टोक दिसलं.

"काकू," तो म्हणाला, "गोधडी कशाला?"

"थंडी वाजेल म्हणून!" मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं. तो हसला. पण आतला एक भाग आमच्या ओढाताणीत खराब झाला होता. रात्रभर त्याने त्यात डोकं घातलं. काही निरोप कायमचे गेले. किती आणि कोणाचे, हे त्याने आम्हाला सांगितलं नाही.

फक्त एवढं म्हणाला, "सगळं एकाच घरात ठेवणं बरोबर नाय. एक कॉपी बाहेर ठेवायला पायजे."

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्यासमोर म्हणाला होता. नंतर मला ते आठवायला हवं होतं.

* * *

तर पुन्हा त्या बुधवारी. गाडीत बसल्या बसल्या मी बातमी पूर्ण केली. डाटा घेऊन पुण्याला चाललाय आणि तिथं काय? विकणार! दुसरं काय करतात पुण्याला नेऊन? टीव्हीवर रोज सांगतात ना, डाटा विकतात म्हणून.

रेंज होती तोवर मी पाचाडला नणंदेला निरोप टाकला. कशावरून? पारावरूनच! त्याच्याच पेटीत त्याचीच बदनामी ठेवायला दिली. बटण दाबलं, बोलले, सोडलं: "सुशीला, ऐकलंस का गो? आपला नीलेश सगळ्यांचा डाटा घेऊन पुण्याला चाललाय. विकतोय म्हणे. कोणाला सांगू नकोस."

गुरुवारी नीलेश खांद्याला बॅग लावून खरंच पुण्याच्या गाडीत बसला. स्टँडवरच्या चार जणांनी बघितला. "गेला बघ!" शनिवारी तो परत आला, ते कोणी बघितलं नाही. येणाऱ्याला कोण बघतं!

मग ती बातमी फिरायला लागली. गिरणीत कळलं, "आवाज विकले. आवाजावरून बँक खाली करतात." मासळीवालीकडे कळलं, "बायकांचे फोटो हायत त्यात." दवाखान्याच्या बाकावर एक जण सांगत होता, "रोज बसून ऐकतो तो. सगळ्यांचं. हसतो पन."

सहाव्या दिवशी ती फिरून माझ्याकडेच आली. भाजी घेताना एका अनोळखी बाईने मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही त्या पारावर हाव का? लगेच बंद करा. आतल्या मानसानं सांगितलंय."

आणि खरं सांगते, मी घाबरले! घरी येऊन आधी फोन बंद केला. आतला माणूस मीच होते हे लक्षात यायला मला संध्याकाळ झाली.

* * *

पुढच्या रविवारी मुंबईहून मंडळाची माणसं आली. आमच्याकडे प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं. गावात देऊळ बांधायचं तरी मंडळ, भांडण मिटवायचं तरी मंडळ. त्यांचे सेक्रेटरी बाळूदादा. वत्सलावहिनींच्या पडवीत आठ-दहा जण बसले. मी चहा करायला गेले. न बोलावता.

बाळूदादा म्हणाले, "बघ नीलेश, टेन्शन घेऊ नको. सिंपल सवाल हाय. आमचं बोलणं तू ऐकतोस?"

"नाय."

"पेटीतलं उघडता येतं का तुला?"

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मनात म्हणत होते, नाही म्हण रे बाबा! दोन अक्षरं! कोण तपासायला येणार आहे?

नीलेश म्हणाला, "येतं. पण मी उघडत नाय."

'येतं' पडवीभर झालं. पुढचं कोणाच्या कानात शिरलंच नाही. मला त्याक्षणी त्या एसटीची घरघर ऐकू आली बघा. अर्ध्या वाक्यावरच सगळे थांबले.

"आनि पुन्याला काय नेलंस?" एकाने विचारलं.

"कॉपी. इथं पाणी येतं म्हणून."

"पाणी कुठं आलं तुमच्या आळीत? चप्पल भिजली नाय म्हनं!"

सगळे हसले. वत्सलावहिनींनी माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं. "अहो, पेटी मी उपटली म्हणून त्याला कॉपी करावी लागली, आणि विकण्याची पुडी पण माझीच," एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर माझं तोंड काळं झालं असतं.

मी विचारलं, "साखर कमी नाही ना कोणाला?"

* * *

लोक पारावरून उठायला लागले. रोज दहा, रोज वीस. नीलेश प्रत्येकाचं सगळं पेटीतून पुसायचा. पुण्यातलंही. पेटीतून पुसलं की फोनांमधूनही जायचं. कोणी सांगितल्याशिवाय एक शब्द पुसायचा नाही, आणि सांगितल्यावर एक शब्द ठेवायचा नाही, हा त्याचा नियम.

आळीतले बाबूअण्णा काठी आपटत आले. "माझं सगळं काढ! आत्ता, माझ्यासमोर!" नीलेशने काढलं. बाबूअण्णा समाधानाने उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"पण मी निघालो हे बाकीच्यांना कसं कळणार रे?"

"पारावर सांगायचं होतं, अण्णा. आधी."

आठवड्याने अण्णा परत. आवाज खाली आलेला. नातवाने पहिल्यांदा 'आजोबा' म्हटलेलं त्यात होतं. "तेवढं दे ना काढून."

"नाय राहिलं, अण्णा. तुमच्यासमोर काढलं ना."

अण्णा बाकावर बराच वेळ बसले. नीलेशही त्यांच्या बाजूला बसला. मी खिडकीतून बघत होते, मग मलाच बघवेना.

शेवटी पारावर पन्नासेक माणसं उरली. बहुतेक टेपाच्या वाडीची, आणि मी. हिराबाई मला स्टँडवर भेटली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही नाही उठलात?"

"कशावरून उठायचं?"

"लोक बोलत होते ना, डाटा विकला म्हणून."

ती म्हणाली, "आमच्याकडं पोराचा निरोप यायला चार दिस लागतात गो. हे कवा पोचायचं?"

* * *

पन्नास माणसांसाठी पेटी चालवता येत नाही. पुण्याच्या जुन्या कंपनीने बोलावलं, नीलेश हो म्हणाला. त्या दिवशी वत्सलावहिनींच्या देवासमोर साखर नव्हती.

जायच्या आधी नीलेश माझ्याकडे आला. "काकू, छोट्या पिशव्या शिवून द्याल? बोटभर. पन्नास."

"कशाला रे?"

"जे राहिलेत त्यांचं त्यांना परत देतोय. मेमरी कार्डात. कार्ड बारीक असतं, हरवतं."

मी ब्लाउजपीसच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या. नाडी घातली. शिवताना सारखा दोरा तुटत होता. म्हटलं, आता सांगते. आता सांगते. पन्नास पिशव्या झाल्या, सांगितलं नाही.

त्याने वाड्यांवर हिंडून घरोघरी कार्डं दिली. शेवटची पिशवी माझ्या हातात ठेवली. माझीच शिवलेली, हिरव्या खणाची. "हे तुमचं, काकू. पहिल्या दिवसापासूनचं सगळं."

स्टँडवर पोचवायला आम्ही दोघी गेलो. सोबत पेटीही होती, एका पोत्यात बांधलेली. ती आता आतून रिकामी होती, त्यानेच सांगितलं. गाडी गेली. गाडी गेल्यावरही वत्सलावहिनी तिथेच उभ्या राहिल्या, म्हणून मीही राहिले.

बाजूला सुधीर कंडक्टर तिकिटांचं मशीन गळ्यात अडकवत होता. मी त्याला गाठलं. "सुधीर, त्या बुधवारी तू दुसऱ्या कंडक्टरला काय सांगत होतास? डाटा घेऊन पुण्याला चाललाय, आणि तिथं... काय?"

त्याला आठवायला वेळ लागला. मग हसला.

"आणि तिथं एक कॉपी ठेवून परत येतोय! कारण आमच्या आळीतल्या दोन बायकांनी मशीन माळ्यावर चढवून वर गोधडी घातलीन!" आणि वत्सलावहिनी मागे उभ्या आहेत हे बघून त्याने जीभ चावली. "आता मात्र खरंच गेला, काकू. डाटा नाय नेलान. तोच गेला."

* * *

शेवटचं सांगते आणि थांबते.

ते कार्ड मी आठ दिवस उघडलं नाही. मग एका दुपारी पुतण्याकडून फोनमध्ये घालून घेतलं. सगळं तारीखवार लावलेलं. पहिलाच आवाज माझा, "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज? सुशीला, मी शोभा बोलतेय." मग लोणच्याची कृती. मंदाच्या मुलीबद्दल. दसऱ्याचं सोनं. शेजारणीच्या भांडणाचे तर सात तुकडे. स्वतःची एवढी बडबड एका दमात ऐकायची शिक्षा कोणाला मिळू नये.

हळूहळू तो आठवडा आला. मंगळवार: नणंदेला तांदळाच्या पिठाबद्दल. मी डोळे मिटले, बटण दाबलं.

गुरुवार: "सुशीला, पिठाचं काय केलंस?"

मी परत मागे गेले. मंगळवार. पुढे. गुरुवार. मधलं काही नाही. पुतण्याला दाखवलं, त्यानेही शोधलं. पाचाडला सुशीलाला फोन केला, तिच्या फोनमध्येही मंगळवारनंतर एकदम गुरुवार.

मी तर त्याला काही पुसायला सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय तो एक शब्द पुसत नसे.

तशीच फोन घेऊन शेजारी गेले. वत्सलावहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मागच्या खोलीचं दार उघडं, टेबल रिकामं. मी म्हटलं, "वहिनी, नीलेशने माझं सगळं दिलंय. फक्त बुधवारचा एक निरोप नाही त्यात."

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. एक खडा उचलला, बाजूला टाकला.

"राहिला असंल एकादा," त्या म्हणाल्या. "चहा ठेव गो. साखर बघून घाल."